गच्ची पांढरी झाली त्या वर्षी

लग्न होऊन मी म्हैसूरला यायला निघाले तेव्हा कोल्हापुरात ज्याने त्याने मला सांगितलं, नशीब काढलंस, तिथं बारा महिने गारवा. हवा छान आहे, खोटं कशाला बोलू. पण ती हवा खायला खाली रस्त्यावर उभं राहावं लागतं. आमचं घर बन्नीमंटपाच्या पलीकडच्या सरकारी वसाहतीत, चार मजली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर ऊन, मध्ये काहीही नाही. मार्च लागला की दुपारी भिंतीला पाठ टेकायची सोय नसायची. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला निम्मं तापूनच यायचं. पहिल्याच उन्हाळ्यात मी नवऱ्याला म्हटलं, "तुमचे पणजोबा राजाच्या पलटणीत होते ना? मग राजाने राहायला ही भट्टी दिली का?" तो शांतपणे म्हणाला, "राजाने नाही, हाउसिंग बोर्डाने. सोडतीत लागली." माझा नवरा टायरच्या कारखान्यात काम करतो. घरी आल्यावर त्याला सगळंच थंड वाटतं.

खरा त्रास व्हायचा तो मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. बसच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढला. धूर खाऊन छाती नाजूक झालेली. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला त्यांना धाप लागायची, मग ते जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खुर्ची टाकून बसायचे. म्हणून दर मार्चमध्ये माझी नणंद एच. डी. कोटेहून यायची आणि त्यांना घेऊन जायची. तिचं कौलारू घर, मागे नारळ, जवळच कबिनी नदीचं पाणी. जूनमध्ये मामा परत यायचे, वजन वाढलेलं आणि तोंड उतरलेलं. "तिथं भांडायला माणूस न्हाय गे," म्हणायचे. "सगळे हो अप्पा, हो अप्पा म्हणतात. सुम्मं बसून काय करू?" सुम्मं म्हणजे उगाच, नुसतं. आमच्या घरच्या मराठीत असे कन्नड शब्द जागोजागी बसलेले आहेत. मी सुरुवातीला हसायचे. आता कोल्हापूरला गेले की माहेरची माणसं मला हसतात.

त्या वर्षी मामा जूनमध्ये परतले ते एक बातमी घेऊनच. नणंदेचे यजमान निवृत्त झाले होते आणि ती दोघं मुलाकडे बेंगळुरूला कायमची राहायला चालली होती. कौलारू घर भाड्याने जाणार होतं. त्यांना सोडायला आलेली नणंद मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, दर वर्षी न्यायचं, आणायचं, आता त्यांनाबी झेपत न्हाय, मलाबी न्हाय. पुढच्या उन्हाळ्याला येते आणि अप्पांना कायमचं घेऊन जाते." तिचं काही चुकत नव्हतं. गेल्या मार्चमध्ये आम्ही त्यांना पाठवायला आठवडाभर उशीर केला आणि त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. घरी आल्यावर मामा दोन दिवस कुणाशी भांडले नाहीत. भांडखोर माणूस गप्प झाला की घर खायला उठतं.

आणि मला ते जायला नको होते. सासरे म्हणून कर्तव्य वगैरे काही नाही, सरळ सांगते, मला ते आवडतात. मला कन्नड त्यांनी शिकवलं, स्कूटर त्यांनी शिकवली, लग्नानंतर नोकरी करू का म्हणून विचारलं तेव्हा "विचारतेस कशाला, कर" म्हणणारे तेच. बेंगळुरूच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सकाळच्या फिरण्यातल्या त्यांच्या चार मित्रांशिवाय, हा माणूस सुकून जाईल हे मला दिसत होतं. पण करणार काय? स्लॅबवर ऊन पडू नये असा काही इलाज माझ्याजवळ नव्हता.

तेवढ्यात जिन्याखाली नोटीस लागली. बोर्ड आमच्या वसाहतीतली एक इमारत नमुना म्हणून सुधारून देणार होतं. गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा थर, पंपाला आणि जिन्यातल्या दिव्यांना सौर वीज, दुसऱ्या टप्प्यात घराघरात छताजवळ झरोके आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली. नोटिशीत आमच्या इमारतीचा नंबर होता! मी ती तिथेच उभी राहून तीनदा वाचली आणि धावत वरपर्यंत चढले. अटी दोन होत्या. सोळाच्या सोळा घरांच्या सह्या हव्यात, आणि काम काय नि कसं करायचं ते राहणाऱ्यांनी मिळून ठरवायचं, रोजच्या नोंदीही त्यांनीच ठेवायच्या. पहिला टप्पा तपासणीत पास झाला तरच दुसरा मिळणार.

काम बघणारी इंजिनिअर बाई नाशिकची निघाली. पंचविशी-तिशीची, डोक्यावर टोपी, पायात बूट. माझं मराठी ऐकून म्हणाली, "ताई, तुम्ही कोल्हापूरच्या ना? मग हे 'सुम्मं' काय?" आमची लगेच गट्टी जमली.

पहिली सभा गच्चीवर झाली आणि ती मी बुडवली. झालं असं की तळमजल्यावरच्या काकी उभ्या राहिल्या. काकीही जुन्या पलटणीतल्या मराठी घराण्यातल्या, इमारतीतल्या सगळ्यात जुन्या रहिवासी, आणि गच्ची म्हणजे त्यांचं राज्य. सांडगे, पापड, मिरच्या, सगळं वाळवण त्या ठरवतील त्या जागी. त्या म्हणाल्या, "वरच्या चार घरांना गार होणार. खालच्यांना काय? आमची वाळवणाची जागाबी जाणार. मी सही करत न्हाय." माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या सांडग्यांसाठी आम्ही भाजून मरायचं का?" काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्यामागे तळमजला गेला, मग पहिला, मग दुसरा मजला गेला. पाच मिनिटांत गच्चीवर उरलो आम्ही वरच्या चार घरांतले आणि इंजिनिअर बाई. मामा कठड्याला टेकून उभे होते. म्हणाले, "मस्त झालं. आता माझी बॅग आत्ताच भर." मला रडू फुटायचं बाकी होतं.

इंजिनिअर बाई मात्र डगमगली नाही. म्हणाली, "भांडू नका, मोजा. प्रत्येक घरात मोजा. कुणाला काय त्रास आहे ते आधी कळू दे." मोजायचं म्हटल्यावर मी ताठ झाले, कारण मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि थर्मामीटर हा माझा रोजचा सोबती. प्राचार्यांना रीतसर अर्ज करून मी सोळा थर्मामीटर घरी आणले. प्रत्येक दारी जाऊन म्हणाले, सही नका करू, हे फक्त भिंतीला लटकवू द्या. काकींच्या घरी मी गेले नाही. मामा गेले.

नोंदी ठेवायचं काम मामांनी मागून घेतलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ते वही घेऊन निघायचे, खालून वर, मजल्यामजल्यावर दम घेत. वही कन्नडात, कारण त्यांची शाळा कन्नड, आणि रकाने वर्कशॉपमधल्या नोंदवहीसारखे: तारीख, वेळ, घर, आकडा आणि शेवटी शेरा. हे शेरे वाचायला घराघरातून माणसं यायला लागली. "सात नंबर: मासे तळणं चालू, आकडा धरू नये." "अकरा नंबर: नवरा-बायकोचं भांडण, बाहेरूनच परत." बोलत नव्हती ती माणसं त्या वहीवरून बोलायला लागली. आमच्या खोलीत छताखाली दुपारी तीनला पारा सगळ्यात वर होता, ते तर अपेक्षितच होतं. पण मी थांबले ती काकींच्या रांगेवर. आकडा बरा होता. शेरा होता: "स्वयंपाकघर. भर दुपारी बारा वाजता आकडा वाचायला दिवा लावावा लागला."

दुसऱ्या दिवशी मी हिय्या करून काकींच्या दारात गेले. इतकी वर्षं मी त्यांच्या बाहेरच्या खोलीपलीकडे कधी गेले नव्हते. स्वयंपाकघरात कोंदट वास आणि भिंतींना ओल. एकुलती एक खिडकी इमारतीच्या मधल्या चौकोनी पोकळीत उघडत होती. मी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. पोकळीच्या तोंडावर, चार मजले वर, पत्रे ठोकलेले होते. ते पत्रे मला चांगले ओळखू येत होते. कबुतरं येतात, पावसाचं पाणी खिडकीतून उडतं म्हणून मीच नवऱ्याच्या मागे लागून ते बसवून घेतले होते. काकींचा उजेड आणि वारा मी बंद केला होता आणि त्यांनी कधी तोंडातून ब्र काढला नव्हता.

"काकी, चुकलं माझं," मी म्हणाले. मला हे वाक्य सहज येत नाही. पण त्या दिवशी आलं.

काकी म्हणाल्या, "साकु, साकु. पुरे झालं. दहा वर्षं झाली, आज वर बघितलंस. बस, चहा पी."

पुढच्या रविवारी नवऱ्याने पत्रे काढले आणि खाली काकी ओरडल्या, "आला गे, आला!" कोण आलं म्हणून आम्ही सगळे खाली धावलो. त्यांच्या ओट्यावर ऊन आलं होतं. तपकिरी भिंतीवर एक पिवळा पट्टा, आणि काकी त्यात हात धरून उभ्या. त्यांनी सही केली आणि मग बाकीच्यांनी भराभर केल्या. पत्र्याऐवजी जाळी बसवायची हे काकींनीच सुचवलं आणि इंजिनिअर बाईने ते आराखड्यात घातलं. वाळवणासाठी गच्चीच्या एका कोपऱ्यात उंच लोखंडी मांडणी ठरली.

मग जे दिवस आले ते आठवले तरी मला अजून हुरूप येतो. गच्चीवर चुन्याचा थर आणि त्यात पांढऱ्या फुटक्या फरशांचे तुकडे बसवायचे होते. फरशीच्या दुकानांमागे असे तुकडे ढिगाने पडलेले असतात, ते घेऊन जा म्हटल्यावर दुकानदारच हात जोडतात. नवरा आणि त्याचे मित्र रिक्षांमधून पोतीच्या पोती आणत होते. गवंडी दोनच होते, बाकी आम्ही. सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास आणि आल्यावर उजेड असेपर्यंत. काकी खुर्चीवर बसून सांगायच्या, हा तुकडा तिथं न्हाय, उलटा कर, फट मोठी राहिली. दाराशी रोज रांगोळी काढणारा हात, त्यांना फट सहन होत नसे. गुडघे सोलवटले, नखांत चुना गेला, पण कुणी हटेना. सात नंबरवाले आणि अकरा नंबरवाले कित्येक वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते, ते शेजारीशेजारी बसून तुकडे घासून गोल करत होते. मामा छत्री धरून मध्ये उभे आणि सगळ्यांशी यथेच्छ भांडत होते. त्यांची धाप कुठे गेली कुणास ठाऊक.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी गच्ची झाली. भर दुपारी तिच्याकडे बघवत नव्हतं, डोळे मिटून घ्यावे लागत. आणि अनवाणी उभं राहता येत होतं! मी मुद्दाम चप्पल काढून मध्यापर्यंत चालत गेले आणि परत आले, आणि मग सगळ्यांनी तेच केलं. कडेला उतरत्या लोखंडी चौकटीवर सौर पट्ट्या, म्हणजे सोलर पॅनेल, बसल्या. जिन्याच्या तोंडाशी एक पेटी, तिच्यावर किती वीज होते त्याचे आकडे. पंप पहिल्यांदा उन्हावर चालला तेव्हा सगळी इमारत टाकीभोवती उभी राहून टाळ्या वाजवत होती. पाणी पडताना बघून टाळ्या वाजवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

आणि मग आली आयुधपूजा. म्हैसूरला हा दिवस कसा असतो ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, सुरी, पाना, जे जे म्हणून आपल्यासाठी राबतं ते धुऊन पुसून पुजायचं. मग आमच्यासाठी सगळ्यात जास्त राबणारं वर गच्चीवर होतं, त्याला कसं वगळणार? सोळा घरांतून ताटं वर आली. प्रत्येक पट्टीवर विभूतीचे तीन पट्टे, गंध, वर कुंकू. शेवंतीच्या माळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्या. गंध सुकून पडू नये म्हणून ते तेलात कालवा असं सांगणारी शहाणी मीच. शेवटी कोहळ्यांना भोकं पाडून त्यात कुंकू भरलं आणि नवऱ्याने गच्चीच्या चारही कोपऱ्यांत एकेक कोहळा आपटून फोडला. पांढऱ्याशुभ्र फरशीवर लालभडक शिंतोडे उडाले. आम्ही आनंदाने ओरडलो. चुरमुरे, बत्तासे वाटले. एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. त्यात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवसभर वावरणारी मीसुद्धा होते!

दुसऱ्या दिवशी विजयादशमी, त्यामुळे पूजा तशीच. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला बोर्डाचे अधिकारी तपासणीला येणार होते. दहा वाजता मामांनी मला वर बोलावलं. वही उघडून पेटीसमोर उभे होते. "बघ," म्हणाले.

पूजेच्या आदल्या दिवशी जेवढी वीज झाली होती, तिच्या निम्मीही गेल्या दोन्ही दिवशी झाली नव्हती. मी पट्ट्यांकडे पाहिलं. माळा, तेलकट गंध, राखेचे पट्टे. पट्टीच्या एका भागावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज उतरते, हे इंजिनिअर बाईने मला दोनदा सांगितलेलं होतं. माळा मी झटक्यात ओढून काढल्या. तिला फोन केला तर ती किंचाळली, "तापलेल्या काचेवर गार पाणी घालू नका, तडकेल! मी येतेय." खाली गच्चीवर चार लाल डाग वाळून बसले होते. चुन्यात मुरलेलं कुंकू पुसून जात नव्हतं.

माझ्या डोक्यात लख्ख एकच गोष्ट होती. पहिला टप्पा नापास, मग झरोके नाहीत. झरोके नाहीत तर खोलीतली गरम हवा बाहेर जाणार नाही. आणि मार्चमध्ये नणंद येणार.

"मामा," मी म्हणाले, "शेऱ्यात ढगाळ लिहा. दोन दिवस ढगाळ."

"आभाळ साफ होतं."

"कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

मग मी चढ्या आवाजात बोलले, ते बोलायला नको होतं. "अहो, हे नापास झालं तर तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात इथे नसणार. कळतंय का तुम्हाला?"

"मला न्हाय कळणार तर कुणाला कळणार?" ते म्हणाले. "मीटर सुळ्ळु सांगत न्हाय, मी कशाला सांगू? वर्कशॉपात शेऱ्याच्या रकान्यात कुणी खोटं लिहिलं की ती बस घाटात जायची गे. माणसं भरून जायची." सुळ्ळु म्हणजे खोटं. मामा चिडले की त्यांचं कन्नड आपोआप वर येतं.

आणि त्यांनी लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: "दोन दिवस वीज निम्म्याहून कमी. आभाळ स्वच्छ. कारण आमची पूजा. चूक सगळ्यांची." मला त्यांचा इतका राग आला होता की मी जिन्यात जाऊन बसले. आणि त्या रागाच्या खाली कुठेतरी मला त्यांचा अभिमानही वाटत होता, म्हणून तर आणखीनच राग येत होता.

अकराला जीप आली. मी कठड्यावरून पाहिलं आणि मला हसूच फुटलं. जीपच्या पुढच्या बाजूला केळीचे खुंट बांधलेले, काचेवर विभूती, दिव्यांवर कुंकू आणि चाकांखाली चिरडलेल्या लिंबांची सालं. साहेबही आमच्यातलेच होते. पण गच्चीवर आल्यावर त्यांनी लाल डाग पाहिले, पट्ट्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा कोरा झाला. त्यांनी वही मागितली. मामांनी दिली. साहेबांनी पान उलटलं, शेवटच्या रांगेवर आले आणि कन्नडात मोठ्याने वाचलं. चूक सगळ्यांची, इथे येऊन थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

मामांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

साहेब म्हणाले, "मी जिथे जातो तिथे सगळं उत्तम चाललंय म्हणूनच लिहिलेलं असतं. मग वर्षभराने गच्ची गळायला लागते तेव्हा मला कळतं." एवढंच. मग इंजिनिअर बाईला म्हणाले, "एक ओळ पुसून दाखवा."

तिने ओलसर फडकं फिरवायला सुरुवात केली. आम्ही सगळे पेटीभोवती दाटीवाटीने उभे. पहिली पट्टी पुसली, आकडा हलला नाही. दुसरी, तिसरी. चौथीला आकडा चढायला लागला, आणि मग थांबेचना. काकी तो मोठ्याने वाचत होत्या आणि प्रत्येक आकड्याला मागून आरडाओरडा होत होता, क्रिकेटच्या शेवटच्या षटकात होतो तसा. सात नंबरवाल्याने अकरा नंबरवाल्याला मिठी मारली. साहेब हसत होते. मग त्यांनी वाकून एक तळवा पांढऱ्या फरशीवर ठेवला आणि दुसरा कुंकवाच्या डागावर. डागावरचा झटकन उचलला आणि म्हणाले, "पांढऱ्याचा उपयोग काय हे आता मला कुणी समजावू नका." दुसरा टप्पा त्यांनी तिथेच मंजूर केला आणि जाताना बजावलं, पुढच्या वर्षी पूजा पेटीची करा, काचेची नको. काकींनी डागांवर काही घासू दिलं नाही. कुंकू हळदीचंच, आणि हळदीचा डाग ऊनच खातं, म्हणाल्या. बराचसा खाल्लाही. दुकानी कुंकवातला रंग तेवढा राहिला, चार कोपऱ्यांत फिकट गुलाबी.

फेब्रुवारीपर्यंत झरोके झाले, समोरासमोरच्या भिंतींत, छताला लागून. पश्चिमेच्या खिडकीवर सावली धरणाऱ्या आडव्या फळ्या आल्या. मार्च आला. नणंदेचा फोन आला. मी म्हटलं, वन्सं, एप्रिलमध्ये या, खऱ्या उन्हात या आणि स्वतः बघा. ती म्हणाली, येते, पण गाडीत अप्पांची जागा धरूनच येते.

एप्रिलच्या एका शनिवारी ती सकाळीच हजर झाली. भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला गच्ची दाखवली, झरोके दाखवले. ती सगळ्याला हं हं म्हणत होती. मला म्हणाली, "वैनी, सकाळी सगळीच घरं गार असतात. तीन वाजू दे." हुशार बाई. जेवणं झाली. मामा आतल्या खोलीत जाऊन खाटेवर आडवे झाले. पंखा हळू चालू होता. नणंद खाटेजवळ स्टुलावर बसली. मी दारात. जिन्यात चपला वाजल्या आणि एकेक करत काकी, सात नंबरवाले, अकरा नंबरवाले येऊन बाहेरच्या खोलीत गुपचूप बसले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. बाहेर ऊन असं की समोरच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

अडीच वाजले. मामांचा श्वास मी मोजत होते. नणंदही मोजत होती, तिची नजर बापाच्या छातीवरून हलत नव्हती. पावणेतीन. त्यांनी कूस बदलली आणि आता ते उठून जिन्यात जातील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. तीन वाजून गेले.

मग डोळे न उघडता मामा म्हणाले, "अगं, पायावर कायतरी घाल गे. गार लागतंय."

मी जागची हललेच नाही. नणंद उठली. खुंटीवरची चादर काढून तिने त्यांच्या पायांवर घातली, कडा नीट खोचल्या आणि पाय तसेच हातात धरून बसून राहिली. मामा घोरायला लागले होते. बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली. डोळे पुसायचंही तिने केलं नाही.

"वैनी, चहा ठेव," म्हणाली. "पाच वाजता मी निघते. एकटीच जाते."